रिटर्न तुंबतो, बदनाम टर्बो होतो

फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन पुण्याजवळ रांजणगावला बनायचं. पुंटोत ते होतं, टाटांच्या इंडिका व्हिस्टात होतं, आणि फियाटच्या परवान्यावर बनवलेलं तेच इंजिन २००७ साली मारुतीच्या स्विफ्टमध्येही आलं. एप्रिल २०२०पासून मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या, म्हणजे यातली सगळ्यात नवी स्विफ्टसुद्धा आता जुनीच म्हणायची. अशा गाड्या सिग्नलवरून सुटताना निळा धूर सोडू लागल्या आणि इंटरकूलरच्या पाइपात ऑइल दिसलं, की गॅरेजमध्ये निकाल ठरलेला असतो : टर्बो गेला.

तो खरंच गेलेला असू शकतो. पण या निकालामागे एक पक्का गैरसमज असतो, की टर्बोच्या आत रबरी सील असतं, ते फाटतं आणि ऑइल बाहेर येतं. तसं सील तिथे नसतंच. शाफ्टच्या टोकांना पिस्टन रिंगसारख्या बारीक धातूच्या रिंगा असतात आणि त्यांचं मुख्य काम गॅस अडवण्याचं. छोट्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरतो. त्या वेगात आणि एक्झॉस्टच्या धगीत रबर टिकणार कसं? ऑइल आत न साचता खाली निघून जातं, म्हणून ते रिंगांपलीकडे जात नाही. ते खाली नेणारा रस्ता म्हणजे ऑइल रिटर्न.

मोरी तुंबली की पाणी घरात पसरतं, तसंच इथे होतं. रिटर्न अरुंद झाला की बेअरिंगच्या घरात ऑइल साचतं आणि मिळेल त्या बाजूने, म्हणजे कॉम्प्रेसरकडे किंवा एक्झॉस्टकडे, बाहेर पडतं. गाडी बराच वेळ आयडलवर राहिल्यानंतर रेस दिली आणि निळा ढग आला, तर संशय आधी इथे घ्यावा. आयडलवर रिंगांच्या बाहेरच्या बाजूने दाब कमी असतो, त्यामुळे साचलेल्या ऑइलला वाट मिळते. इंटरकूलरच्या पाइपात ऑइलचा पातळ थर असणं मात्र बिघाड नव्हे. तो इंजिनाच्या ब्रीदरमधूनही येतो.

दुसरा समज : रिटर्न म्हणजे काय, साधा पाइप, कुठलाही चालतो. टर्बोला ऑइल पोचवणाऱ्या फीडच्या बाजूला पंपाचा दाब असतो, म्हणून तिथे काही मिलिमीटरचं भोक पुरतं. परत येणाऱ्या ऑइलला दाब नसतो. ते हवेने फेसाळलेलं असतं आणि फक्त आपल्या वजनाने उतरतं. म्हणून रिटर्न कितीतरी जाड ठेवतात आणि मध्ये कुठेही वर चढणारं वळण देत नाहीत. गॅरेट ही टर्बो बनवणारी कंपनी सांगते, की टर्बोचं ड्रेन तोंड उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा जास्त कललेलं नको.

आता होजबद्दल. मूळ पाइप मिळाला नाही की हाताशी असलेला रेडिएटरचा तुकडा क्लिपा मारून बसवतात. रेडिएटरचा होज बहुधा ईपीडीएम रबराचा असतो. कूलंट त्याला सोसतं, ऑइल सोसत नाही. तो आतून फुगतो, मऊ पडतो आणि वाट बुजवतो. बाहेरून मात्र ठणठणीत दिसतो. निळा सिलिकॉन होज देखणा असतो, पण आत फ्लुओरोरबराचं अस्तर नसेल तर ऑइल झिरपतं. ओ-रिंगही अशा जागी व्हायटनचीच घ्यावी. साधी नायट्राइल उष्णतेने कडक होऊन चिरते.

सर्वांत जास्त नुकसान करतो तो हा समज, जितकं गॅस्केट मेकर तितकी गळती कमी. फ्लँज आवळला की जादा सिलिकॉन आतल्या बाजूलाही दबून येतं. तिथे त्याची गाठ बनते आणि वाट अर्धी होते. ती सुटली तर खालच्या ऑइल चेंबरमध्ये पडून ऑइल पंपाच्या जाळीला चिकटते, म्हणजे दुखणं टर्बोवरून थेट इंजिनावर. टेफ्लॉन टेपच्या दोऱ्यांचंही तेच. फ्लँजला नवं गॅस्केट आणि बँजो बोल्टला नवे तांब्याचे वॉशर, एवढंच लागतं. एम-सील थापणं हा तर तात्पुरता इलाजही नाही. गरम, तेलकट आणि सतत थरथरणाऱ्या जागी ते टिकत नाही.

फिटिंगचे आटेच गेले असतील तर आणखी आवळून उपयोग नाही, उरलेलेही जातात. हेलिकॉइल बसवून आटे नवे करता येतात. फक्त आटे पाडणाऱ्या टॅपला भरपूर ग्रीस लावून चुरा पकडावा आणि नंतर ऑइल-फिल्टर बदलावेत.

‘घट्ट ऑइल टाका, गळती थांबेल’ हा सल्ला उलटा आहे. घट्ट ऑइल थंड इंजिनात उतरायला आणखी वेळ लावतं. ऑइल जरा जास्तच भरलेलं बरं, हेही चुकीचं. पातळी रिटर्नच्या तोंडापर्यंत चढली तर नवाकोरा टर्बोही धूर काढेल. घाट चढून आल्यावर मिनिटभर आयडल ठेवून मग बंद करावं, हा जुना सल्ला मात्र खरा आहे. तापलेल्या टर्बोत अडकलेल्या ऑइलचा कोळसा होतो आणि तोच पाइपात साचतो.

निदान करताना पाइप पूर्ण काढून उजेडाकडे धरून आरपार पाहावा. आयडलवर ऑइलचं झाकण उघडल्यावर जोरात धुराचे झोत येत असतील तर ब्लो-बाय (पिस्टनजवळून क्रँककेसमध्ये निसटणारा गॅस) किंवा तुंबलेला ब्रीदर. क्रँककेसमधला तो दाबही रिटर्न रोखतो, मग पाइप बदलून काही होत नाही. शाफ्ट आडवा किंचित हलणं चालतं. पुढे-मागे हाताला जाणवेल इतका हलला, किंवा पंखा कवचाला घासला, तर टर्बो खरंच गेला.

दुर्लक्ष मात्र करू नका. टर्बोतून येणारं ऑइल जाळून डिझेल इंजिन चावी बंद केल्यावरही पळत राहू शकतं. तापलेल्या एक्झॉस्टवर पडलेलं ऑइल पेट घेतं. रिटर्न पाइप आणि गॅस्केटचा खर्च टर्बोच्या किमतीपुढे किरकोळ आहे. म्हणून नव्या टर्बोला होकार देण्याआधी रिटर्न पाइप तुमच्यासमोर काढून दाखवायला सांगा.