घाणेरी काढताना



विसरवाडीच्या डोंगरात रंगीत फुलांची जी खरखरीत झुडपे माजलेली दिसतात, ती घाणेरी. मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली. इंग्रजांच्या काळात शोभेसाठी आपल्या देशात आली. तिच्या दाट जाळीखाली मोह, टेंभुर्णी, चारोळीची रोपे तग धरत नाहीत, गवत उगवत नाही. तिचा पाला खाल्ला तर गुरे आजारी पडतात. म्हणजे जंगलाबरोबर आदिवासी कुटुंबाची मिळकतही जाते.

वरवर तोडली तर घाणेरी बुंध्यातून पुन्हा फुटते. म्हणून मी स्वयंसेवकांना सांगतो, फळे पिकण्याआधी, जमिनीखाली दोन-तीन बोटांवर कुदळीने मुख्य मूळ तोडा आणि झुडूप उलटे करून ठेवा. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांची ही पद्धत. पक्षी तिच्या बिया टाकतात, त्यामुळे मोठ्या झाडांखाली पुढची काही वर्षे निंदणी चुकत नाही.

निदणाच्या दाखल्यात प्रभूने निदणाबरोबर गहूही उपटला जाईल, असे बजावले. इथेही जाळीतली देशी रोपे आधी शोधून खूण करावी, मगच कुदळ मारावी.

२००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वन राखण्याचा, वाढवण्याचा हक्क गावाला दिला आहे. काम ग्रामसभेचे आहे. आपण प्रार्थनेने, अवजारांनी आणि सुट्टीतल्या एका दिवसाच्या श्रमाने साथ द्यावी.