घाटमाथ्यावरील अमेरिकन मोटार

जुन्या मुंबई–पुणे रस्त्याने बोरघाट चढून लोणावळ्यास येणाऱ्या मोटारींत एके काळी अमेरिकन बनावटीच्या गाड्यांचा भरणा मोठा होता; कारण 1928 साली जनरल मोटर्सने शिवडीस जुळणीचा कारखाना काढून शेव्हरोले बाजारात आणली, आणि पुढे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने 1947 पासून कुर्ल्यात क्रायस्लरच्या परवान्याने डॉज व प्लिमथ बांधावयास घेतल्या. 1964 च्या पाँटिअॅक जीटीओपासून ज्यांचे युग सुरू झाले असे मानतात, त्या आठ सिलिंडरांच्या प्रचंड ताकदीच्या 'मसल कार' मात्र आयातीच्या कडक निर्बंधांमुळे आपल्याकडे क्वचितच पोचल्या. तथापि जीर्णोद्धाराची विद्या दोहोंची एकच.

मावळात या विद्येचा पहिला शत्रू पाऊस आहे. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि दारांखालच्या पोकळ पट्ट्यांत व फरशीच्या सांध्यांत साचलेल्या चिखलातून गंज आतल्या बाजूने पत्रा खात जातो. म्हणून रंगाच्या चकाकीवर भरवसा न ठेवता कापडात गुंडाळलेले लोहचुंबक अंगभर फिरवून पाहावे. जेथे ते धरत नाही तेथे पत्र्याच्या जागी पुट्टी आहे असे समजावे. कुजलेला भाग कापून तेथे नवा पत्रा वेल्ड करणे हीच खरी दुरुस्ती होय. पुट्टीने भोक बुजविणे ही फसवणूक आहे, मग डेंटिंगवाला कितीही निष्णात असो.

याहून गंभीर प्रश्न ब्रेकचा. ब्रेक ऑइल हवेतील बाष्प शोषून घेते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. आणि दीड टनाची गाडी खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरत असता सतत दाबलेल्या ब्रेकचे ड्रम तापले, म्हणजे त्या तेलातील पाण्याची वाफ होऊन पेडल अकस्मात तळाशी जाते. साठीच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बहुतेक अमेरिकन गाड्यांत चारही चाकांचे ब्रेक एकाच नळीमार्गावर अवलंबून असल्याने तो मार्ग निकामी झाला की उरतो केवळ हातब्रेक. सबब हे तेल दर वर्षी, पावसाळा सरल्यावर, पूर्णपणे बदलावे आणि उतारावर गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवावी. चढावर संकट निराळे असते: इंजिनच्या उष्णतेने पेट्रोल पंपात वाफ धरते आणि गाडी बंद पडते, त्यावर पंपाला ओले फडके गुंडाळण्याचा जुन्या चालकांचा तोडगा आजही गुणकारी आहे. शिवाय हल्लीच्या पेट्रोलातील इथेनॉल जुन्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा झिजविते, म्हणून तेही नव्या जातीच्या रबराचे बसविणे अगत्याचे.

पेट्रोलचा खर्च परवडेना म्हणून अनेक मालकांनी या गाड्यांत डिझेल इंजिने बसविली. त्यांची अडचण समजण्यासारखी आहे. परंतु 2021 च्या केंद्रीय नियमांन्वये पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या खाजगी वाहनांनाच 'व्हीए' या अक्षरांची स्वतंत्र नोंदणी मिळते, आणि सांगाडा, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला तेथे चालत नाही. तेव्हा ज्यांच्या बंगल्याच्या आवारात अशी गाडी उभी असेल, त्यांनी ओल कोंडून धरणारी प्लास्टिकची ताडपत्री आधी काढावी, आरसी बुक जपून ठेवावे, आणि काढून ठेवलेले मूळ इंजिन कोणत्याही भावाने भंगारात देऊ नये.