मूठ ज्याची त्याची

पिस्तूल नेमबाजी म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो नेम, ट्रिगर आणि दहाचा आकडा. पण नेमबाजाचा हात सगळ्यात जास्त वेळ ज्याला चिकटलेला असतो, तो आहे लाकडाचा एक वेडावाकडा तुकडा. त्या ग्रिपची ही गोष्ट.

एक करून बघा. पाण्याची १ लिटरची भरलेली बाटली एका हातात धरा. हात खांद्याच्या रेषेत सरळ समोर न्या, कोपर वाकवू नका. आता १० सेकंद बाटली हलू द्यायची नाही. जमलं? मग हेच ६० वेळा करा, तेही ७५ मिनिटांत!

१० मीटर एअर पिस्तूलची पात्रता फेरी म्हणजे साधारण हेच. पिस्तुलाचं वजन किलोभर, शॉट्स ६०, आणि दुसऱ्या हाताची मदत घ्यायची नाही. समोरच्या टार्गेटवर १० गुणांचं वर्तुळ आहे ११.५ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने ब्राँझ मिळवलं ते याच प्रकारात.

आता जरा गणित. पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये अंतर असतं साधारण ३३ सेंटिमीटर. पुढची साइट मागच्या साइटच्या खाचेत फक्त १ मिलिमीटर इकडेतिकडे झाली, की १० मीटरवर छर्रा ३ सेंटिमीटर भरकटतो. दहाऐवजी थेट सातच्या आसपास. आणि हा १ मिलिमीटर बरेचदा डोळ्यामुळे नाही, तर मुठीमुळे चुकतो. हात प्रत्येक वेळी थोडा वेगळा बसला, की मनगट ते सावरायला जातं आणि साइट सरकते.

लाकूडच का?

पिस्तुलाची नळी, ट्रिगर, सिलिंडर हे सगळं कारखान्यात एकसारखं बनतं. माणसाचे हात मात्र एकसारखे नसतात. कुणाची बोटं लांब, कुणाचा तळवा रुंद, कुणाचा अंगठा जाड. म्हणून हाताला लागणारा भाग असा हवा, जो कापता येईल, घासता येईल आणि चुकलं तर परत भरता येईल. लाकूड यात पक्कं बसतं.

त्यातही मान अक्रोडाच्या लाकडाला. ते बारीक रेषांचं, टणक, पण कोरायला आडमुठेपणा न करणारं असतं. सहजासहजी तडकत नाही आणि हवामान बदललं तरी त्याचा आकार फारसा बदलत नाही. त्याला चकचकीत व्हार्निश लावत नाहीत, तेल मुरवतात. तळव्याला टेकणारा भाग अणकुचीदार हत्याराने टोचून मुद्दाम खरखरीत करतात, म्हणजे घाम आला तरी हात घसरत नाही. जुलैमधल्या मुंबईच्या दमट हवेत याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

जर्मनीतल्या रिंक आणि निल या कंपन्या अशा लाकडी ग्रिपसाठी ओळखल्या जातात. हल्ली ढोबळ आकार मशीनवर काढतात, पण शेवटचा हात हा हाताचाच! तयार ग्रिप स्मॉल, मीडियम, लार्ज अशा मापांत मिळते. उजव्या हाताची वेगळी, डावऱ्यांची वेगळी.

डावऱ्यांवरून आठवलं. हंगेरीचा कारोली ताकाच सैन्यात होता. १९३८ मध्ये सरावादरम्यान हातबॉम्ब फुटला आणि त्याचा उजवा हात निकामी झाला. पठ्ठ्याने गुपचूप डाव्या हाताने सराव सुरू केला आणि १९४८ व १९५२ अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तूलचं सुवर्ण जिंकलं. एका हाताचं कसब दुसऱ्या हातात उतरवायला त्याला सगळं पहिल्यापासून शिकावं लागलं, अगदी मूठ धरण्यापासून.

उसनी मूठ, उसना नेम

खरा प्रश्न येतो आपल्यासारख्या नवशिक्यांचा. बाहेरून येणारी चांगली पिस्तुलं महाग, त्यामुळे सुरुवात अकॅडमीच्या पिस्तुलावर होते. एकच पिस्तूल चौघांच्या हातांतून फिरतं. त्याची ग्रिप एखाद्या दणकट मुलाच्या मापाची असेल, तर लहान हाताच्या मुलीचं बोट ट्रिगरपर्यंत नीट पोहोचतच नाही. मग ती मनगट वळवते, मूठ आवळते आणि शॉट्स एका बाजूला जात राहतात. शेवटी निष्कर्ष काय, तर ‘मला जमत नाही’. हात चांगला असूनही खेळ सुटतो, आणि कारण असतं न बसणारं लाकूड.

यावर एक सोपा उपाय आहे. बहुतेक मॅच एअर पिस्तुलांची ग्रिप स्क्रूने बसवलेली असते, ती सुटी होते. पूर्ण पिस्तूल परवडत नसेल, तरी अकॅडमीत जे मॉडेल आहे त्याची फक्त स्वतःच्या मापाची ग्रिप घेता येते. आपली वेळ आली की आपली मूठ चढवायची. कोचला विचारून, अर्थात.

त्यापुढचं काम कानस, पॉलिश पेपर आणि पुट्टीचं. जिथे टोचतं तिथे घासायचं, जिथे पोकळी राहते तिथे भरायचं. थोडं घासा, २ दिवस सराव करा, परत बघा. पुट्टी परत भरता येते, पण एकदम खूप घासलं तर सगळंच बिघडतं. मेकॅनिकलवाल्या दोस्तांना सांगा, ग्रिप थ्रीडी प्रिंटही करतात. पण हातावर बसवण्याचं काम तिथेही चुकत नाही.

२५ मीटर पिस्तूलमध्ये तर हे आणखी महत्त्वाचं. रॅपिड फेरीत ३ सेकंदांत हात वर, नेम आणि गोळी. मूठ सरळ करत बसायला वेळच नाही. या प्रकारात आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला.

चांगल्या ग्रिपने कुणी चॅम्पियन होत नाही, त्यासाठी रोजचे तास घालावे लागतात. पण वाईट ग्रिपने ते तास वाया जातात, हेही तितकंच खरं.

ग्रिप बघताना

• डोळे मिटून पिस्तूल उचला, नेम धरल्यासारखा हात करा आणि डोळे उघडा. साइट सरळ दिसली तर ग्रिप बसतेय. प्रत्येक वेळी एकाच बाजूला जात असेल तर तिथे काम आहे.

• ट्रिगरवरचं बोट बाजूने लाकडाला टेकता कामा नये. टेकलं, तर ट्रिगर दाबताना पिस्तूलही ढकललं जातं.

• तळव्याखालचा आधार, म्हणजे पाम शेल्फ, हाताला अलगद टेकावा. रुतला की हात थरथरतो.

• नियम विसरू नका. ग्रिपने हाताला वेढा घालता येत नाही आणि मनगटाला आधार देता येत नाही. एअर पिस्तूल ग्रिपसकट ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या खोक्यात मावलं पाहिजे, वजन १५०० ग्रॅमच्या आत. पुट्टीचे थर चढवताना ते ५० मिलिमीटर लक्षात असू द्या, नाहीतर स्पर्धेच्या सकाळी कानस शोधत फिराल!