शिवणक्लास झाला, आता काम कुठं आहे?

गेल्या महिन्यात आम्ही एका बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. तिथल्या एका ताईंनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं मुलीचं प्रमाणपत्र दाखवलं. शिवणकामाचा तीन महिन्यांचा कोर्स, रोज एसटीनं जाऊन-येऊन पुरा केलेला. "आता आमच्या आळीत सतरा जणी शिवतात," त्या म्हणाल्या, "आणि ब्लाउज शिवून घेणाऱ्या पण त्याच सतरा जणी." सगळ्या हसल्या. ताई हसल्या नाहीत. मुलीचे वडील म्हणतात, शिकवून पाहिलं, आता स्थळं बघू.

खरं सांगायचं तर त्या कोर्सची माहिती आम्हीच रेडिओवरून दिली होती. फी नाही, प्रमाणपत्र मिळतं, एवढंच तेव्हा आम्ही पाहिलं. शिकून झाल्यावर काम कोण देणार, हे आम्हीही विचारलं नव्हतं.

शिवणकाम वाईट नाही. जवळपास कपड्यांचा कारखाना असेल, शाळेच्या गणवेशाचं काम गटाला मिळत असेल, तर त्यावर घर चालतं. पण बायकांसाठी कोर्स म्हटलं की पुन्हा पुन्हा शिवण आणि ब्यूटी पार्लरच का येतं? एक खोली, चार मशिनं आणि एक शिकवणाऱ्या बाई असल्या की वर्ग सुरू होतो. वेल्डिंग शिकवायचं तर वर्कशॉप लागतं, वीज लागते, लोखंड लागतं. म्हणजे चालवणाऱ्याला जे सोपं, तेच आपल्या वाट्याला येतं.

त्याच बैठकीत आम्ही उलटा प्रश्न विचारला. गावाबाहेरचा माणूस कोणकोणत्या कामाला बोलवावा लागतो? मग बायका बोलायला लागल्या. मोटार जळाली की ती तालुक्याला न्यायची. सौर पंप बंद पडला की कंपनीच्या माणसाची वाट बघायची आणि तोवर पीक वाळतंय. घराचं वायरिंग, फाटकाचं वेल्डिंग, मिक्सर, फ्रीज, सगळ्याला माणूस बाहेरूनच. या प्रत्येक कामाचे पैसे गाव आजही देतंय.

गावाला लागणाऱ्या कामातूनच शिकवायचं, हे पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, पाबळला कधीचं चाललंय. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तिथं १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथल्या एक वर्षाच्या निवासी कोर्समध्ये वेल्डिंग आणि बांधकाम, वीज, शेती-पशुपालन आणि घर-आरोग्य अशी चारही अंगांची कामं शिकवतात. मुलं नुसता सराव करत नाहीत, लोकांना हवं असलेलं काम करून देतात आणि लोक त्याचे पैसे देतात. काम नीट झालं नाही तर गिऱ्हाईक तोंडावर सांगतं. शिकवलेलं उपयोगाचं आहे की नाही हे तपासायला याहून चांगली परीक्षा आम्हाला तरी माहीत नाही. हेच शिक्षण पुढं शाळांमध्येही गेलं. आठवी ते दहावीच्या मुलामुलींना आठवड्यातला एक दिवस त्यासाठी दिला जातो.

पण पाबळ सगळ्यांना जवळ नाही. आपल्याला जवळचं म्हणजे तालुक्याचं आयटीआय. तिथं वायरमन आणि इलेक्ट्रिशियन हे दोन-दोन वर्षांचे, तर वेल्डर एक वर्षाचा. इलेक्ट्रिशियनला दहावी पास लागते. मुलींसाठी राखीव जागाही असतात. दहावीचा निकाल लागला की अर्ज ऑनलाइन भरायचे असतात.

आयटीआय झाल्यावर लगेच नोकरी लागतेच असं नाही. मधली एक पायरी आहे, तिला अॅप्रेंटिसशिप म्हणतात. म्हणजे कारखान्यात किंवा आस्थापनेत प्रत्यक्ष काम करत शिकायचं आणि दरमहा विद्यावेतन घ्यायचं. त्याचा कायदा १९६१ पासून आहे. ३० किंवा जास्त माणसं जिथं कामाला आहेत, त्यांना असे शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. आपल्या एमआयडीसीत अशा किती जागा आहेत हे आयटीआयमध्ये जाऊन विचारता येतं. ते विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

प्रवेशाआधी आणखी विचारा. गेल्या वर्षी या ट्रेडच्या मुली आता कुठं काम करतात? त्यांच्यापैकी दोघींना भेटवता का? यंत्रं चालू आहेत की झाकून ठेवलीत? वर्कशॉपजवळ मुलींचं स्वच्छतागृह आहे का? आणि शेवटची एसटी किती वाजता? या शेवटच्या प्रश्नावर साहेब लोक हसतात. पण साडेपाचला वर्ग सुटतो आणि गाडी पाचला जाते, एवढ्यावरून शिक्षण सोडलेल्या मुली आम्हाला माहीत आहेत.

त्या गटानं आता एक वही केलीय. पंधरा दिवस प्रत्येकीनं लिहायचं, घरी कोणत्या कामाला बाहेरचा माणूस आला आणि किती पैसे घेऊन गेला. मोटार, पंप, वायरिंग, सगळं. ही वही घेऊन त्या ग्रामसभेत जाणार आहेत. पुढचा कोर्स गावात आणताना कोणता आणायचा, हे वही बघून ठरवा, असं त्या सांगणार आहेत.

ताईंची मुलगीही वहीत लिहिते. तिनं पहिल्याच आठवड्यात मोटारीची चार कामं नोंदवली. तिला वायरमनला जायचंय. वडील अजून हो म्हणालेले नाहीत, पण ती वही त्यांनी दोनदा उघडून पाहिली, असं ताईंनी परवा फोनवर सांगितलं.