डब्याच्या पाठीवरची पट्टी वाचा

साक्री तालुक्यातल्या आमच्या गटांच्या मासिक बैठकीत कर्जफेड आणि बचतीबरोबर हल्ली आणखी एक विषय हमखास निघतो, तो इंटरनेटच्या डब्याचा. गटाचे हिशेब लोकोसवर भरायचे असतात, बीसी सखीला अंगठा घेऊन पैसे काढून द्यायचे असतात, पोरांचे फॉर्म भरायचे असतात. रेंज गेली की सगळंच अडतं. मग कुणाचा दीर दुबईहून सिम टाकायचा छोटा वायफाय घेऊन येतो, कुणाचा भाचा अमेरिकेतून राउटर पाठवतो, कुणी सुरतहून बिनपावतीचं डोंगल आणतं. आणि आम्हाला विचारतात, "ताई, हे लावलं तर चालेल ना?"

चालेल की नाही, ते डबा कुठल्या देशासाठी बनला आहे त्यावर ठरतं. मॉडेम बाहेरून येणारं इंटरनेट घरात घेतो, राउटर ते सगळ्या फोनना वाटतो. आता बहुतेक वेळा दोन्ही एकाच डब्यात असतात. सिमचा डबा टॉवरशी बोलतो, वायफाय आपल्या फोनशी बोलतं, आणि दोन्ही बोलणी हवेतून होतात. ही हवा सगळ्यांची सामाईक आहे.

आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. पांझरेवरच्या फड पद्धतीत बंधाऱ्याचं पाणी कुणी कधी घ्यायचं ते ठरलेलं असतं आणि पाटकरी ते सांभाळतो. एकाने रात्रीतून पाट फोडला तर खालच्या सगळ्यांचं पीक सुकतं. हवेतल्या लहरींचंही असंच वाटप आहे. अमुक पट्टा मोबाइलला, अमुक विमानांना, अमुक रडारला, अमुक वायफायसाठी सर्वांना खुला. आपल्या देशात हे वाटप केंद्राचा दूरसंचार विभाग करतो, अमेरिकेत एफसीसी नावाचा आयोग, दुबईत टीडीआरए. प्रत्येकाचे पाट वेगळे. म्हणून अमेरिकेतला सिमचा डबा चांगला महाग असूनही आपल्याकडे मुका होऊ शकतो. तिकडचे बरेच टॉवर ज्या पट्ट्यांवर चालतात, त्यातले काही आपल्याकडच्या कंपन्या वापरतच नाहीत. शिवाय तिकडच्या कंपनीने तो आपल्याच सिमला बांधून ठेवलेला असेल, तर आपलं सिम घातलं तरी उपयोग नाही.

एकच वस्तू एका देशात रीतसर आणि दुसऱ्या देशात गुन्हा कशी असू शकते, त्याचं उदाहरण म्हणजे रेंज वाढवणारा बूस्टर. पिंपळनेरच्या पुढे, पश्चिमेकडच्या डोंगरातल्या पाड्यांवर रेंजचे हाल आहेत, त्यामुळे तिकडे कुणी बूस्टर विकायला आला की मोह होतोच. अमेरिकेत एफसीसीने मान्य केलेला बूस्टर मोबाइल कंपनीकडे नोंद करून घरी लावता येतो. आपल्याकडे तो घरात स्वतःहून लावणं बेकायदेशीर आहे. यात सरकारचा हेकटपणा नाही. बूस्टरची एक अँटेना छतावर असते, एक घरात. घरातल्या अँटेनाचं बोलणं छतावरच्या अँटेनापर्यंत पोहोचलं, की लाउडस्पीकरसमोर माईक धरल्यावर होते तशी शिट्टी सुरू होते. ती आपल्या कानाला ऐकू येत नाही, टॉवरला ऐकू येते, आणि त्या टॉवरवरच्या बाकीच्यांचे कॉल तुटायला लागतात. एका घरात रेंजचे दांडे भरलेले दिसतात आणि शेजारच्या पाड्यावरून बाळंतिणीसाठी १०८ला केलेला फोन लागत नाही. एवढं आहे हे. तुमच्या ग्रामपंचायतीत किंवा घरात फायबरचं नेट आलं असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा. घरात रेंज नसली तरी त्यावर साधा फोन लागतो आणि त्यात कसलाही नियम मोडत नाही.

आता पट्टी कशी वाचायची? डबा उलटा करा. सीई ही युरोपची खूण, एफसीसी ही अमेरिकेची. या खुणा खोट्या असतील असं नाही, पण त्या आपल्या देशाची परवानगी नव्हेत. आपल्याकडे लहरी सोडणाऱ्या यंत्राला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मंजुरी लागते. २०१७च्या नियमदुरुस्तीनंतर दूरसंचार उपकरणांची चाचणी सक्तीची ठरली आणि २०१९पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. ही कागदपत्रं बनवणाऱ्याने किंवा आयात करणाऱ्याने करायची, आपण नाही. आपण बघायचा तो अडॅप्टर. त्याच्यावर भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि 'आर' अक्षरापुढे नोंदणीचा आकडा हवा. बीआयएस केअर या ॲपमध्ये तो आकडा टाकला की कुणाच्या नावाची नोंद आहे ते दिसतं. नाव जुळलं नाही तर समजा.

अडॅप्टरवर 'इनपुट' शब्दापुढे १००–२४० व्होल्ट लिहिलं असेल तर तो आपल्या विजेवर चालतो. नुसतं १२० असेल तर तो अमेरिकेच्या विजेचा. जपानची वीज तर १००चीच. आपल्या बोर्डात २३० व्होल्ट असतात. पिन बदलणारा जोड दुकानात स्वस्तात मिळतो, पण तो फक्त पिन बदलतो, वीज कमी करत नाही. असा अडॅप्टर लावला की धूर निघायला वेळ लागत नाही. बदली अडॅप्टर घेताना मागच्या बाजूचे, म्हणजे 'आउटपुट'चे व्होल्ट डब्यावर लिहिल्याइतकेच हवेत. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत.

खानदेशासाठी आणखी एक. बऱ्याच राउटरच्या पुस्तिकेत चालण्याचं तापमान शून्य ते ४० अंश लिहिलेलं असतं. मे महिन्यात आपल्या पत्र्याखाली किती असतं ते तुम्हाला सांगायला नको. डबा टीव्हीच्या मागे, कपाटात किंवा रुमालाखाली झाकून ठेवू नका (क्रोशाचा रुमाल कितीही सुंदर असला तरी). भिंतीवर, वारा लागेल असा, चुलीपासून लांब टांगा. पावसाळ्यात विजा कडाडायला लागल्या की पिन काढून ठेवा. आणि फायबरची तार तुटली तर तिच्या टोकात डोळा घालून बघू नका, पोरांनाही बघू देऊ नका. तिच्यातला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

गरोदर बाईने वायफायजवळ बसावं का, हेही बऱ्याच जणी हळूच विचारतात. या लहरी एक्स-रेसारख्या नसतात. अंतर वाढलं की त्यांचा जोर झपाट्याने उतरतो. बऱ्याच राउटरच्या पुस्तिकेत अंगापासून २० सेंटिमीटर, म्हणजे वीतभर अंतर ठेवायला सांगितलेलं असतं. सिमचं डोंगल कमरेला खोचून किंवा उशीखाली ठेवून झोपायचं नाही, इतकं पुरे.

वापरलेलं डोंगल घेताना मात्र घाई नको. सिमच्या प्रत्येक यंत्राला आयएमईआय हा १५ आकडी क्रमांक असतो. 'केवायएम', मग जागा सोडून तो क्रमांक, असा इंग्रजी अक्षरांत मेसेज १४४२२ला पाठवा. यंत्र चोरीचं म्हणून अडवलेलं असेल तर कळतं. सिम स्वतःच्या नावाचंच हवं. आपल्या नावावर किती सिम आहेत ते संचार साथीवर दिसतं. महाराष्ट्रात एका माणसाला नऊच्या वर घेता येत नाहीत. दुसऱ्याच्या नावाने फसवून सिम घेण्याला २०२३च्या दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड आहे. त्या वायफायवरून गल्लीतल्या कुणी उद्योग केले, तरी पोलीस आधी सिमवाल्याकडे येतात. म्हणून पट्टीवर छापलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४पासून सगळ्यांना एकच सोपा पासवर्ड घालून राउटर विकायलाच बंदी आहे.

दुबईतल्या पोरांच्या आयांसाठी एवढंच की तिकडे व्हॉट्सॲपवर बोलणं सहसा लागत नाही, तो तिथला नियम आहे, तुमच्या डब्याचा बिघाड नाही. पोराला तिथे परवानगी असलेलं ॲप विचारा. आडमार्गाने लावू म्हणणाऱ्याचं ऐकू नका. तिथले दंड फार मोठे आहेत.

पुढच्या बैठकीला येताना आपापल्या डब्याच्या आणि अडॅप्टरच्या पट्टीचा फोटो काढून आणा, सगळ्या मिळून वाचू. पट्टी खरवडलेली असली तर तसाच काढा.