प्रत्येक अंधुक नजर मोतीबिंदू नसते

आमच्या मोहाडी भागात म्हाताऱ्या माणसाला दिसेनासं झालं की एकच निदान होतं: मोतीबिंदू. पिकू दे, मग ऑपरेशन करू. माझ्या बाबांना मोतीबिंदू नव्हता. ते म्हणायचे, "बाई, तुहे कान दिसतात वो, नाक दिसत नाही." कडेचं दिसायचं, नेमकं समोरचं पुसलेलं. डोळ्याच्या पडद्याचा जेमतेम पाच मिलिमीटरचा मधला भाग, मॅक्युला, झिजला होता. वाचणं, चेहरा ओळखणं त्याच्याच जोरावर चालतं.

आजोबांचीही नजर उतारवयात अशीच गेली होती. म्हणून डॉक्टरांना विचारलं, हे रक्तातून येतं का? येतं. सीएफएच नावाच्या जनुकाचा मॅक्युला झिजण्याच्या या आजाराशी असलेला संबंध 2005 मध्ये उघड झाला. शरीराची संरक्षण यंत्रणा खवळते तेव्हा तिला आवर घालणारं प्रथिन हे जनुक बनवतं. त्यात एक बारीकसा फरक असला की आवर ढिला पडतो, सूज धुमसत राहते. पण हा फरक असलेल्या कित्येकांची नजर शेवटपर्यंत शाबूत असते.

बाबांच्या बाबतीत भर घातली बिडीनं. आमचा जिल्हाच बिडीचा. बाबा दिवसभर बिड्या वळायचे आणि त्यातल्याच ओढायचे. टाळता येण्याजोग्या कारणांत धूम्रपान सर्वांत मोठं. त्यानं या आजाराचा धोका दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होतो. "बिडी म्हणजे नुसतं पान" असं कोणी म्हटलं की मला राग येतो. पान वरून असतं, आत तंबाखूच असतो.

मेडिकलमधून डोळ्यांच्या गोळ्या परस्पर आणू नका. 2013 च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात अशा गोळ्यांतून बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत, मुख्यतः पूर्वी धूम्रपान केलेल्यांत, फुप्फुसाचा कर्करोग जास्त आढळला. चवळई, पालक, शेवग्याचा पाला मात्र खुशाल खा.

पन्नाशी उलटली असेल आणि घरात कुणाची नजर अशी गेली असेल, तर बिडी आजच सोडा. सोडल्यावर धोका हळूहळू उतरतो. अधूनमधून एकेक डोळा झाकून दाराच्या चौकटीकडे बघा. सरळ रेघ वाकडी दिसली, तर पिकायची वाट पाहू नका. या आजाराच्या ओल्या प्रकारात डोळ्यात इंजेक्शन देऊन नजर वाचवता येते, पण वेळेत पोहोचलात तरच. पडदा तपासून घ्या.