शीरखुर्म्यातले सोबती, खाऱ्या मातीतले परके

ईदच्या सकाळी शीरखुर्म्याच्या पातेल्यात खारीक, बदाम आणि मनुका एकत्र शिजतात. तिथे त्यांचे छान जमते. पण हीच तीन झाडे क्षारपड जमिनीत शेजारी शेजारी लावली, तर तिघांचे नशीब वेगवेगळे निघेल. बाग लावण्यासाठी घरची पुंजी मोडणाऱ्याने हा फरक आधीच समजून घ्यायला हवा. रोपे चुकली, हे कळेपर्यंत दोन-तीन वर्षे आणि सगळा पैसा निघून गेलेला असतो.

जमिनीतील क्षार विद्युत वाहकतेवरून, म्हणजे ‘ईसी’वरून मोजतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या १९८५ च्या तक्त्यानुसार ईसी ४ पर्यंत खजुराचे उत्पन्न घटत नाही. द्राक्ष आणि बदामाचे मात्र १.५ नंतरच घटू लागते. उत्पन्न निम्म्यावर येते ते खजुराचे १८ ला, द्राक्षाचे ६.७ ला आणि बदामाचे ४.१ लाच.

असे का होते? खारी माती पाणी धरून ठेवते, मुळांना ते ओढता येत नाही. ओल असूनही झाड तहानलेले राहते. शिवाय पाण्याबरोबर सोडियम आणि क्लोराइड वर चढून पानांत साठतात. मग जुन्या पानांची टोके व कडा करपतात. सोशिक झाडाची मुळे यातला बराचसा क्षार खालीच अडवतात.

म्हणूनच फळाच्या नावाइतकेच महत्त्व खुंटाला आहे. महाराष्ट्रातील द्राक्षवेली पूर्वी स्वतःच्याच मुळांवर वाढत. क्षार आणि पाणीटंचाई वाढली, तसे बागायतदार ‘डॉगरिज’ या खुंटावर थॉमसनसारख्या जातींचे कलम करू लागले. संत्र्याचेही तसेच. रंगपूर लाईमचा खुंट जंबेरीपेक्षा क्लोराइड चांगले अडवतो. फळ तेच, मूळ वेगळे.

मग सगळ्यांनी खजूरच लावावा का? तसेही नाही. पिकत्या खजुराला पाऊस सोसत नाही. कच्छमध्ये खजूर होतो, पण तिथेही बरेचसे घड पावसाच्या धास्तीने पिवळे-लाल असतानाच उतरवतात. आपल्याकडे हलक्या, खारवट जमिनीत बोर हे कमी खर्चाचे आणि सोशिक झाड आहे. रानबोराच्या खुंटावर चांगल्या जातीचा डोळा भरतात. डाळिंब आणि अंजीरही मध्यम क्षार सोसतात.

मात्र कोणतेही झाड जमिनीतला क्षार संपवत नाही. क्षार बाहेर जायला निचरा लागतो. जमीन नुसती खारी असेल, तर चर काढून आणि गोडे पाणी देऊन क्षार धुऊन काढता येतात. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांनाच चिकटलेला असतो आणि पाणी मुरतच नाही. तिथे आधी जिप्सम घालावा लागतो. दोन्हींचा इलाज वेगळा, म्हणून परीक्षण आधी.

लावणीपूर्वी एवढे करा:

एक, तीन फूट खोल खड्डा घेऊन प्रत्येक फुटाची माती वेगळी तपासायला द्या. विहिरीचे किंवा बोअरचे पाणीही तपासा.

दोन, ईसी कोणत्या पद्धतीने मोजला, हे प्रयोगशाळेत विचारा. वरचे आकडे संपृक्त मातीच्या अर्काचे आहेत. अनेक ठिकाणी मातीत जास्त पाणी मिसळून मोजतात. तो आकडा कमी येतो आणि फसगत होते.

तीन, रोपवाटिकेत जातीबरोबर खुंटाचे नावही विचारा.

चार, ठिबक असेल तर ओलाव्याच्या कडेला क्षार साठतात. हलक्या पावसात ते पुन्हा मुळांकडे येतात. अशा वेळी ठिबक बंद करू नका.

माती परीक्षणाचा खर्च एका कलमी रोपाच्या किमतीपेक्षा फार मोठा नसतो. तो वाचवायला गेलो, तर सगळी बागच महागात पडते.